विश्लेषण : कयाकिंगचे वेड जगाला लावणारे जॉन मॅकग्रेगर कोण होते? उसळत्या पाण्यात त्यांच्याकडून काय शिकावे?

खडकांवरून उसळणाऱ्या पाण्यातून एकट्याने छोटी होडी काढण्याचा खेळ आज ऑलिम्पिकमध्ये आहे. रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीवर राफ्टिंग आणि कयाकिंगसाठी मुंबई-पुण्याहून लोक जातात. या छंदाचे मूळ शोधत गेले, तर आपण १८६५ मधल्या एका स्कॉटिश वकिलापाशी पोहोचतो. जॉन मॅकग्रेगर हे त्यांचे नाव आणि ‘रॉब रॉय’ हे त्यांच्या होडीचे. त्या लाकडी होडीचे कौतुक आजही जुन्या होड्यांच्या चाहत्यांमध्ये होते. हे कौतुक करताना मॅकग्रेगर यांच्या धाडसापेक्षा त्यांची सावधगिरी अधिक महत्त्वाची होती, ही गोष्ट मात्र अनेकदा मागे पडते.

पाण्याशी पहिली गाठ कशी पडली?

मॅकग्रेगर यांचा जन्म २४ जानेवारी १८२५ रोजी इंग्लंडमधील ग्रेव्हसेंड येथे झाला. वडील डंकन मॅकग्रेगर ब्रिटिश लष्कराच्या ३१ व्या रेजिमेंटमध्ये मेजर होते. रेजिमेंटची भारतात नेमणूक झाली होती. त्यासाठी हे कुटुंब ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘केंट’ या जहाजातून बंगालकडे निघाले. १ मार्च १८२५ रोजी बिस्केच्या उपसागरात वादळ चालू असताना जहाजाच्या तळघरात दारूचे पिंप फुटले. तपासणीसाठी नेलेल्या दिव्यामुळे ती दारू पेटली आणि जहाजाला आग लागली. जहाजावर सहाशेहून अधिक माणसे होती.

जवळून जाणाऱ्या ‘केंब्रिया’ या लहान जहाजाने हे पाहिले आणि बचाव सुरू केला. उंच लाटांत एकेक छोटी बोट खाली सोडून माणसे पलीकडे नेण्यात आली. पाच आठवड्यांचे बाळ असलेले जॉन आणि त्यांची आई सुरुवातीच्या बोटींतूनच वाचले. सुमारे साडेपाचशे माणसांचे प्राण वाचले, तर ऐंशीहून अधिक दगावली. रात्री आग दारूगोळ्यापर्यंत पोहोचली आणि ‘केंट’चा स्फोट झाला. आता आपण वाचत नाही असे वाटून मेजर मॅकग्रेगर यांनी एक चिठ्ठी बाटलीत घालून समुद्रात टाकली होती. ती बाटली पुढच्या वर्षी थेट बार्बाडोस बेटाच्या किनाऱ्याला लागली. लहान बोट आणि नेटाने वल्ही मारणारी माणसे यांच्यामुळे आपण जगलो, ही कथा जॉन लहानपणापासून ऐकतच वाढले.

वकील होडीकडे कसे वळले?

मॅकग्रेगर यांचे शिक्षण डब्लिन आणि केंब्रिज येथे झाले. गणितात त्यांची चांगली गती होती. पुढे लंडनमध्ये त्यांनी वकिलीची सनद घेतली. पण त्यांचा बराचसा वेळ समाजकार्यात जाई. १८५१ मध्ये लंडनमध्ये मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले आणि देशोदेशीचे पाहुणे आले. त्या वेळी रस्त्यावरच्या गरीब मुलांना गणवेश, पेटी आणि ब्रश देऊन बूटपॉलिशचे काम मिळवून देणारी योजना सुरू झाली. ती उभी करणाऱ्यांमध्ये मॅकग्रेगर होते. गरीब मुलांच्या मोफत शाळांसाठीही त्यांनी अनेक वर्षे काम केले. पुढे १८७० मध्ये लंडनचे स्कूल बोर्ड स्थापन झाले, तेव्हा त्यावर ते निवडून आले.

प्रवासाची आवड तर होतीच. १८५० च्या दशकाच्या अखेरीस ते कॅनडा आणि अमेरिकेत फिरले. तेथील मूळ रहिवाशांच्या हलक्या होड्या त्यांनी पाहिल्या. युरोपात त्या काळी नदीवर जायचे म्हणजे वल्हेकऱ्यांची मोठी होडी आणि वल्हवणाऱ्याची पाठ पुढच्या दिशेला, अशी रीत होती. माणूस पुढे तोंड करून बसेल, एकटाच होडी चालवेल आणि अडचण आली तर तिला उचलूनही नेईल, अशी होडी मॅकग्रेगर यांना हवी होती.

‘रॉब रॉय’ होती तरी कशी?

ही होडी १८६५ मध्ये लंडनच्या लँबेथ भागातील सर्ल यांच्या कारखान्यात तयार झाली. मॅकग्रेगर कुळातील प्रसिद्ध स्कॉटिश बंडखोर रॉब रॉय याचे नाव तिला देण्यात आले. लांबी १५ फूट, रुंदी २८ इंच, खोली ९ इंच आणि वजन सुमारे ८० पौंड, म्हणजे ३६ किलो. अंग ओक लाकडाचे आणि वरचे झाकण देवदाराचे. सात फुटी वल्ह्याला दोन्ही टोकांना पाते होते. वारा अनुकूल असेल तेव्हा लावण्यासाठी छोटे शीडही होते. बसण्याच्या जागेभोवती पाणी आत येऊ नये म्हणून जलरोधक कापड लावलेले असे. काही महिन्यांच्या प्रवासाचे सामान एक फूट लांब-रुंद आणि सहा इंच उंच अशा एका काळ्या पिशवीत मावले होते.

कनू आणि कयाक यांत फरक काय?

मॅकग्रेगर आपल्या होडीला कनू म्हणत. आजच्या वर्गीकरणात मात्र ती कयाकच्या जवळची ठरते. कनू साधारणपणे वरून उघडी असते. तिच्यात गुडघे टेकून किंवा आडव्या फळीवर बसतात आणि वल्ह्याला एकाच टोकाला पाते असते. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी बर्च झाडाच्या सालीपासून अशा होड्या बनवत. कयाक ही आर्क्टिक प्रदेशातील इनुइट लोकांची देणगी. वाहून आलेले लाकूड किंवा हाडे यांचा सांगाडा, त्यावर सीलचे ताणलेले कातडे, वरून बंद झाकण आणि मध्ये एका माणसापुरती जागा, अशी तिची रचना. वल्हे दुपाती. ही होडी छंदासाठी बनलेली नव्हती. बर्फाळ समुद्रातील शिकारीवर कुटुंबाचे पोट चाले, त्यामुळे ती बनवणाऱ्याच्या मापाची असे. उलटली तर आत बसल्या बसल्या पुन्हा सरळ होण्याची कला त्या शिकाऱ्यांना येत असे. युरोपने होडीचा आकार उचलला. ही कला शिकायला मात्र त्याला आणखी साठ वर्षे लागली.

हजार मैलांच्या प्रवासात काय घडले?

१८६५ च्या उन्हाळ्यात मॅकग्रेगर टेम्स नदीतून निघाले. बेल्जियममधील म्यूज, मग राइन आणि माइन या नद्या करत ते जर्मनीत शिरले. काही काळ त्यांचे एक मित्र दुसऱ्या होडीतून सोबत होते, एरवी ते एकटेच होते. ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरातून होडी गाडीवर लादून ते टिटिझे सरोवराकडे आणि तेथून डोनाउएशिंगेनला, म्हणजे डॅन्यूबच्या उगमापाशी पोहोचले. डॅन्यूबने उल्मपर्यंत, मग रेल्वेने कॉन्स्टन्स सरोवराकडे, पुढे स्वित्झर्लंडमधील झ्युरिक आणि ल्युसर्न ही सरोवरे, रॉयस आणि आर या डोंगरी नद्या, पुन्हा राइन, फ्रान्समधील कालवे, मोझेल, मार्न आणि शेवटी सीन नदीतून पॅरिस, असा हा मार्ग होता. एकूण अंतर हजार मैलांच्या म्हणजे सुमारे १६०० किलोमीटरच्या घरात गेले.

रेल्वेच्या सामानाच्या डब्यात, बैलगाडीत, शेतकऱ्यांच्या खांद्यावर, असा होडीचाही प्रवास झाला. काठावरच्या गावांत तिला पाहायला गर्दी जमे. रात्री मॅकग्रेगर खानावळीत मुक्काम करत आणि होडी तबेल्यात किंवा अंगणात ठेवत.

उसळत्या पाण्यासमोर ते काय करत?

वरच्या डॅन्यूबवर पाणचक्क्या आणि बंधारे बरेच होते. रॉयस नदी तर आल्प्सच्या बर्फाचे थंड पाणी घेऊन वेगाने धावते. येथे मॅकग्रेगर यांची पद्धत ठरलेली होती. पुढे पाण्याचा आवाज वाढला किंवा नदी वळणाआड दिसेनाशी झाली, की अंदाजाने पुढे घुसायचे नाही. शक्य तेथे काठाला लागायचे, चालत जाऊन पुढचा प्रवाह पाहायचा आणि कोणत्या बाजूने जायचे ते आधीच ठरवायचे. मार्ग नसेल तर होडी गवतावरून ओढत न्यायची किंवा दोरीने बंधाऱ्याखाली सोडायची. राइनवर शाफहाउझेनला सुमारे २३ मीटर उंचीचा प्रसिद्ध धबधबा आहे. त्याच्या वरच त्यांनी नदी सोडली आणि जमिनीवरून झ्युरिक गाठले. होडी उचलून नेण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

तरीही प्रत्येक वेळी हे जमले नाही. रॉयस नदीवर ब्रेमगार्टेनच्या आसपास त्यांना उंच उभ्या लाटांतून जावे लागले. प्रवाहाने होडीला अशा जागी खेचले, की मागे फिरणे अशक्य झाले. लाट सरळ छातीवर आदळली, होडी डळमळली आणि मग पुढच्या शांत पाण्यात निघाली. त्या दिवशी होडी आडवी झाली असती, तर हा छंद लोकप्रिय करणारे पुस्तक कदाचित लिहिलेच गेले नसते.

तेव्हा सुरक्षेची साधने नव्हती का?

काही होती. ब्रिटनच्या जीवरक्षक नौका संस्थेतील कॅप्टन वॉर्ड यांनी १८५४ मध्ये कॉर्कचे जाकीट तयार केले होते. फेब्रुवारी १८६१ मध्ये व्हिटबी येथे वादळात बचावासाठी गेलेली नौका उलटली आणि १३ पैकी १२ जण बुडाले. वाचलेल्या हेन्री फ्रीमन यांच्या अंगात ते कॉर्कचे जाकीट होते. मॅकग्रेगर यांच्या प्रवासाच्या चारच वर्षे आधीची ही घटना. पण जाडजूड कॉर्कचे जाकीट खलाशांपुरतेच राहिले. नदीवर मौजेसाठी जाणाऱ्यांत ते रुळायला पुढे बराच काळ गेला. हेल्मेट, दोरीची फेकपिशवी, होडीत हवेच्या पिशव्या यांतले काहीच तेव्हाच्या होडीवाल्यांकडे नव्हते. म्हणून काठावर उतरून पाहणे हाच मॅकग्रेगर यांचा खरा आधार होता.

पुस्तकानंतर काय झाले?

या प्रवासाचे पुस्तक १८६६ मध्ये आले आणि हातोहात खपले. त्याच वर्षी मॅकग्रेगर यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये कनू क्लब सुरू झाला. १८६७ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स त्याचे कमोडोर झाले आणि १८७३ मध्ये क्लबच्या नावात ‘रॉयल’ हा शब्द आला. अमेरिकेत न्यूयॉर्क कनू क्लब १८७१ मध्ये, तर अमेरिकन कनू असोसिएशन १८८० मध्ये स्थापन झाली. ‘ट्रेझर आयलंड’चे लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनीही १८७६ मध्ये मित्रासोबत अशाच होड्यांतून बेल्जियम आणि फ्रान्सचा प्रवास केला. त्यावरचे पुस्तक हे त्यांचे पहिले प्रवासपुस्तक ठरले.

मॅकग्रेगर स्वतः थांबले नाहीत. १८६६ मध्ये ते नव्या, अधिक हलक्या होडीतून नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्ककडे गेले. फ्रान्सचे सम्राट तिसरे नेपोलियन त्यांच्या पुस्तकाने प्रभावित झाले होते. १८६७ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने होड्यांचा मेळा भरला, तेव्हा मॅकग्रेगर २१ फुटी शिडाच्या बोटीतून एकटे तेथे गेले आणि इंग्लिश खाडी ओलांडून एकटेच परतले.

१८६८-६९ मधला प्रवास सर्वांत वेगळा होता. अजून वाहतुकीला खुला न झालेला सुएझ कालवा आणि नाईलचा त्रिभुज प्रदेश पाहून ते दमास्कसच्या नद्या आणि जॉर्डनकडे वळले. नोव्हेंबर १८६९ मध्ये तो कालवा सुरू झाला आणि मुंबई-लंडन अंतर हजारो किलोमीटरने घटले. जॉर्डनच्या वरच्या भागात हुला सरोवराजवळ स्थानिक टोळीच्या लोकांनी मॅकग्रेगर यांना होडीसकट पकडून आपल्या तळावर नेले. बोलणी होऊन ते सुटले. या सरोवराच्या लव्हाळ्यांनी भरलेल्या दलदलीचे त्यांनी नकाशासह वर्णन केले, ते अभ्यासकांनाही उपयोगी पडले.

१८७३ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि त्यांना दोन मुली झाल्या. पुस्तके आणि व्याख्याने यांतून मिळालेला बराच पैसा त्यांनी गरीब मुलांच्या आणि खलाशांच्या मदतीसाठी दिला. १६ जुलै १८९२ रोजी बोर्नमथजवळ बॉस्कम येथे वयाच्या ६७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर होडी किती बदलली?

१९०५ मध्ये जर्मनीतील आल्फ्रेड हॉयरिश यांनी घडी करून पिशवीत भरता येणारी होडी बनवली. दोनच वर्षांनी रोझेनहाइमच्या योहान क्लेपर यांनी तिचे उत्पादन हाती घेतले. रेल्वेने डोंगरात जायचे आणि नदीने उतरायचे, हे त्यामुळे सोपे झाले. १९२७ मध्ये ऑस्ट्रियाचे एडी हान्स पावलाटा यांनी इनुइटांची उलटून सरळ होण्याची कला साधली. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आणि १९७० च्या दशकात साच्यातून काढलेले प्लास्टिक आले. ते खडकावर आपटले तरी सहसा फुटत नाही. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये आउग्सबुर्ग येथील कृत्रिम प्रवाहावर स्लालम स्पर्धा झाली.

आकारही बदलला. लांब होडी सरळ प्रवाहात वेगाने जाते, पण खडकांमध्ये चटकन वळत नाही आणि दोन खडकांत आडवी अडकू शकते. म्हणून उसळत्या पाण्यातील आजच्या अनेक कयाक आठ-नऊ फुटांच्याच असतात. जुन्या लाकडी होडीत पाणी भरले की ती शेकडो किलोंची होई. एक घनमीटर पाण्याचे वजनच एक हजार किलो असते. अशी होडी आणि खडक यांच्या मध्ये माणूस सापडला, तर सुटका अवघड. आता होडीत हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे पाण्याला जागाच कमी उरते. कमरेच्या जलरोधक पडद्याला पुढे ओढपट्टी असते. ती खेचली की पडदा सुटतो आणि माणूस बाहेर पडतो. ती पट्टी आत दुमडली गेली नाही ना, हे निघण्यापूर्वी पाहायचे असते.

आज मॅकग्रेगर यांचे काय घ्यावे, काय सोडावे?

सोडायचे ते एकट्याने जाणे. अमेरिकेतील उसळत्या पाण्याची सुरक्षा संहिता १९५९ मध्ये पहिल्यांदा स्वीकारली गेली. ती किमान तीन माणसे किंवा दोन होड्या सोबत असाव्यात असे सुचवते. जाकीट आणि हेल्मेट यांना पर्याय नाही आणि जाकिटाचे पट्टे घट्ट बांधलेले हवेत.

घ्यायचे ते थांबून पाहणे. नद्यांच्या प्रवाहांना अवघडपणानुसार पहिली ते सहावी अशी श्रेणी देतात. पण पाणी वाढले की तोच टप्पा एक-दोन श्रेणींनी अवघड होऊ शकतो. कुंडलिकेचे राफ्टिंग वीजप्रकल्पातून सोडलेल्या पाण्यावर चालते. पाणी सोडल्यावर पातळी झपाट्याने वाढते, त्यामुळे वेळ आणि जागा स्थानिक मार्गदर्शकाच्या सांगण्यानुसारच ठरवावी. पावसाळ्यात अनोळखी नदीत हौसेने होडी घालणे तर टाळलेच पाहिजे.

बुटका बंधारा सर्वांत फसवा. वरून तो निरुपद्रवी दिसतो. पण खाली पडलेले पाणी उलटे फिरून पुन्हा बंधाऱ्याकडे येते आणि माणसाला, होडीला तेथेच घोळवत ठेवते. मॅकग्रेगर होडी दोरीने सोडत किंवा उचलून नेत. आज उचलून नेणेच योग्य. पाण्यात पडलेल्या झाडाचाही तसाच धोका. फांद्यांतून पाणी जाते, माणूस अडकतो.

पाण्यात पडलात तर वेगवान प्रवाहात उभे राहण्याचा प्रयत्न करू नका. पाय दगडांच्या फटीत अडकला की पाण्याचा जोर माणसाला खाली दाबतो. पाठीवर आडवे व्हा, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेला ठेवा, हातांनी वल्हवत काठाकडे सरका. पुढे पडलेले झाड दिसले तर मात्र पोटावर वळून जोरात पोहत त्यापासून दूर व्हा. फेकलेली दोरी छातीशी धरा, हाताला किंवा कमरेला गुंडाळू नका.

यातील कोणत्याही गोष्टीला महागडी होडी लागत नाही. मॅकग्रेगर यांच्या ३६ किलोच्या ओकच्या होडीत आजचे एकही साधन नव्हते. तरीही त्या काळच्या कोणालाही करता येण्यासारखी एक गोष्ट ते करत होते. पुढचे दिसत नसेल, तर ते काठाला लागत आणि आधी चालत जाऊन पाहत. कोलाडला गेलेल्या कोणत्याही गटाने रॅपिडच्या वर हीच पाच मिनिटे काढली, तर अनेक अपघात टळू शकतील.